चित्रपटप्रेमी मित्रांच्या लहान गटासाठी अ‍ॅप : संकल्पनेचा गाभा कोणता असावा?

प्रश्न : रेखाटन

नमस्कार. मी पुण्यात इंटरॅक्शन डिझाइन शिकते आहे आणि शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी चित्रपटप्रेमी मित्रांच्या लहान गटाकरता एका मोबाइल अ‍ॅपची संकल्पना मांडते आहे. प्रत्यक्ष अ‍ॅप तयार करणे अपेक्षित नाही. वापरणाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास, स्क्रीनची मांडणी, फिग्मा या डिझाइनच्या साधनात हाताळता येईल असा प्रोटोटाइप (नमुना) आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण एवढे सादर करायचे आहे.

विषय आमच्याच गटावरून सुचला. पदवीच्या वर्षांत लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातले खेळ आणि पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आम्ही सहसा चुकवत नसू, आणि खेळ सुटल्यावरची चर्चा बहुधा चित्रपटापेक्षा लांबत असे. आता काही जण पुण्यातच आहेत, काही नागपूर आणि बंगळूरला, तर एक मैत्रीण नोकरीनिमित्त डब्लिनला आहे. बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. शुक्रवारी रात्री कोणीतरी "आज काय पाहू या?" असे विचारतो, भराभर नावे येतात, त्यांतला एक चित्रपट कोणीतरी आधीच पाहिलेला असतो, दुसरा ज्या ओटीटीवर आहे त्याचे सदस्यत्व दोघांकडेच असते, तिसरा आयर्लंडमध्ये दिसतच नाही, आणि साडेदहा वाजेपर्यंत ज्याने-त्याने आपापले काहीतरी लावलेले असते. कोणी मनापासून केलेली शिफारसही वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते आणि महिन्याभराने ती कोणी केली होती हेही आठवत नाही.

माझ्या पहिल्या आराखड्यात प्रत्येकाचे प्रोफाइल, पाहिलेल्या चित्रपटांची नोंदवही, पाच तारे, याद्या, मित्रांच्या हालचाली दाखवणारी फीड आणि गप्पांची खिडकी असे सारे आहे. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की हे सगळे लेटरबॉक्स्ड या चित्रपटांच्या नोंदी ठेवण्याच्या साइटवर आधीच मिळते, मग तुमच्या गटाचे वेगळेपण या आराखड्यात कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. यातले काय ठेवावे आणि काय काढून टाकावे, तारे हवेत की नकोत, आणि ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याच्यापुढे कथानक न फोडता चर्चा कशी घडवावी, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे ही विनंती.

उत्तर : चौकट

तुमच्या मार्गदर्शकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. लेटरबॉक्स्ड २०११ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात मॅथ्यू ब्यूकॅनन आणि कार्ल फॉन रँडो यांनी सुरू केले, आणि त्याची सारी रचना एका व्यक्तीभोवती आहे : माझी डायरी, माझे चार आवडते चित्रपट, माझ्या याद्या, माझे परीक्षण आणि ते वाचणारे बहुतांशी अनोळखी लोक. हे काम ते उत्तम करते, म्हणून तेच पुन्हा करण्यात हशील नाही. तुम्ही सांगितलेली अडचण एकट्या व्यक्तीची नाहीच. ती शुक्रवारी साडेनऊ ते साडेदहा या तासात एकमेकांना चांगले ओळखणाऱ्या पाच-सात माणसांना येते. तुमची संकल्पना त्या तासापासून सुरू व्हावी आणि त्या तासाला ज्याचा उपयोग नाही ते पहिल्या स्क्रीनवर येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गटाने मिळून चित्रपट निवडण्याचा प्रश्न जुना आहे आणि त्यावर चांगले काम झालेले आहे. तुमच्या अहवालात ते यायला हवे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रुपलेन्स प्रयोगशाळेने १९९७ मध्ये मूव्हीलेन्स ही शिफारस करणारी साइट सुरू केली आणि पुढे तिलाच जोडून पॉलीलेन्स हा गटांसाठीचा प्रयोग केला, ज्यावरचा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गटाचा एकत्रित कल ठरवताना सरासरी काढलेली नव्हती. सर्वांत नाराज असलेल्या सदस्याचा अंदाजे गुण तोच गटाचा गुण धरला होता. चौघांना अतिशय आवडेल पण पाचव्याला मुळीच सोसणार नाही असा चित्रपट त्यामुळे मागे पडतो. गट लहान असेल तर ही पद्धत शहाणपणाची ठरते, कारण मित्रांसोबतच्या संध्याकाळी कोणालाही दोन तास मन मारून बसावे लागू नये हेच आपल्याला हवे असते. गट वाढला की मात्र प्रत्येक चित्रपटावर कोणी ना कोणी नाराज निघतो आणि यादीत काहीच उरत नाही. म्हणूनच गटाची मर्यादा सात-आठ सदस्यांवर ठेवावी आणि ती संकल्पनेतच जाहीर करावी.

ताऱ्यांबद्दल सांगायचे तर नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच तारे काढून अंगठा वर किंवा खाली अशी पद्धत आणली, आणि चाचणीत प्रतिसाद २०० टक्क्यांनी वाढल्याचे त्या वेळी सांगितले. तारे देताना माणूस नकळत परीक्षक होतो. गंभीर माहितीपटाला पाच तारे देतो आणि थकून घरी आल्यावर हलकाफुलका विनोदी चित्रपट लावतो. तुमच्या शुक्रवारी त्या परीक्षकाचे काही काम नाही.

माझ्या डोळ्यांसमोर जी स्क्रीन येते ती अशी. जे चित्रपट सुचले त्यांची कार्डे एकाखाली एक. प्रत्येकावर पोस्टर, नाव, वर्ष, भाषा आणि लांबी. पण लांबी मिनिटांत न देता "१० वाजता लावल्यास १२:२० ला संपेल" अशी, कारण रात्री माणूस हाच हिशेब करत असतो. त्याखाली "नाशिकला आजोळी असताना अर्धाच पाहिला होता, उरलेला तुमच्यासोबत पाहायचा आहे" यासारखे, ज्याने सुचवला त्याच्या नावासह त्याचेच एक वाक्य. आणि सर्वांत खाली तीनच बटणे : चालेल, आज नको, पाहिला आहे पण पुन्हा चालेल. प्रत्येकाने हव्या तितक्या कार्डांना होकार द्यावा. एकच मत देण्याऐवजी जे जे पटते त्या सर्वांना संमती देण्याची ही पद्धत स्टीव्हन ब्रॅम्स आणि पीटर फिशबर्न यांनी १९७८ मध्ये तपशिलाने मांडली होती. एकसारख्या दोन चित्रपटांत मते विभागली जाऊन तिसराच निवडून येण्याचा दोष तिच्यात टळतो.

घड्याळाचाही विचार करा. पुण्यात शुक्रवारी रात्रीचे दहा वाजतात तेव्हा डब्लिनमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच झालेले असतात. तुमची मैत्रीण तेव्हा कचेरीत असेल. सर्वांनी एकाच क्षणी पाहण्याची सोय हा अ‍ॅपचा पाया केलात तर पहिल्याच आठवड्यात एक माणूस गळेल.

उत्तर : पिटातला प्रेक्षक

चौकट यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण मतदान केंद्रस्थानी ठेवण्याला माझा विरोध आहे, आणि तो बऱ्याच वर्षांच्या फिल्म सोसायटीच्या कामातून आलेला आहे. मतदानात ओळखीचे नाव जिंकते. ज्या दिग्दर्शकाचे नाव गटात एकालाच ठाऊक आहे त्याच्या चित्रपटाला कधीही बहुमत मिळत नाही, आणि कोणाची फारशी हरकत नसलेला, कोणाच्या फारसा लक्षातही न राहणारा चित्रपट दर आठवड्याला निवडून येत राहतो. ज्यांना चित्रपटाचे वेड आहे अशा मित्रांसाठी ही रचना करायची असेल तर तिच्यात अनोळखी चित्रपटाला शिरायला वाट हवी.

आपल्याकडची फिल्म सोसायटीची चळवळ याच गरजेतून उभी राहिली. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाची स्थापना झाली तेव्हा सत्यजित राय अध्यक्ष होते. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करते आहे. जे चित्रपट सदस्यांनी आपणहून कधी निवडले नसते ते त्यांच्यासमोर आणणे आणि त्यावर बोलायला जागा देणे हे या संस्थांचे काम होते. आमच्या सोसायटीत खेळाआधी एक पानी टिपण हाती पडत असे. त्यात कथानक नसे; दिग्दर्शक कोण, चित्रपट कोणत्या काळात झाला, कशाकडे लक्ष द्यावे, एवढेच असे. ते टिपण वाचून बसलेला प्रेक्षक संथ चित्रपटातही टिकून राहतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

म्हणून माझी सूचना अशी की दर आठवड्याला निवडीचा अधिकार पाळीने एकाच सदस्याकडे द्यावा. त्याने चित्रपट जाहीर करावा आणि तो का पाहावा हे तीन-चार वाक्यांत लिहावे. ते लिहिल्याशिवाय निवड पूर्णच होऊ नये. बाकीच्यांना एकच अधिकार असावा, तो म्हणजे हरकत घेण्याचा, आणि तोही कारणासह : चित्रपट आमच्याकडे उपलब्ध नाही, किंवा त्यातली हिंसा मला सोसणार नाही. "कंटाळवाणा वाटतो" ही हरकत धरू नये. चौकट यांनी सांगितलेली नाराज सदस्याची काळजी इतक्याने भागते.

चर्चेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. प्रत्येक चित्रपटाची एक खोली असावी आणि "पाहिला" असे नोंदवल्याशिवाय तिचे दार उघडू नये. बाहेर फक्त एवढे दिसावे की आत तिघे बोलत आहेत. त्याने उत्सुकता वाढते आणि कोणाचे नुकसान होत नाही. चित्रपटगृहात लागलेल्या चित्रपटांना याची अधिक गरज आहे. हिंदी चित्रपट ओटीटीवर यायला मल्टिप्लेक्सच्या आग्रहामुळे साधारण आठ आठवडे लागतात, आणि मराठी चित्रपट डब्लिनला चित्रपटगृहात लागेलच याची खात्री नसते. तेव्हा दोन महिन्यांनी पाहणाऱ्या मैत्रिणीलाही त्या खोलीत ताजेपणाने शिरता आले पाहिजे. तिने पाहिल्याचे नोंदवताच आधी बोलून गेलेल्यांना कळावे, म्हणजे चर्चा पुन्हा सुरू होईल. खोलीत सर्वांत वर, ज्याने चित्रपट निवडला त्याने विचारलेला एक प्रश्न असावा. "कसा वाटला?" असे विचारले की "मस्त" एवढेच उत्तर येते; "शेवटच्या प्रसंगात वडील दार का उघडत नाहीत?" असे विचारले की माणसे बोलू लागतात. "अर्ध्यात सोडला" ही नोंदही सन्मानाने ठेवा, आणि कुठे सोडला हे सांगायची मुभा द्या. त्यावरून होणारी चर्चा पुष्कळदा अधिक प्रामाणिक असते.

उत्तर : दुवाजोड

माहिती कुठून आणायची याबद्दल अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. चित्रपटांची माहिती स्वतः गोळा करू नका. टीएमडीबी हा २००८ पासून सदस्यांनी मिळून वाढवलेला संग्रह आहे. लेटरबॉक्स्डसुद्धा चित्रपटांची मूळ माहिती तिथूनच घेते. बिगरव्यावसायिक वापरासाठी त्यांची एपीआय (त्यांची माहिती आपल्या कार्यक्रमात थेट आणण्याची सोय) विनामूल्य मिळते, मात्र त्यांचे बोधचिन्ह दाखवावे लागते आणि आपल्या अ‍ॅपला त्यांनी प्रमाणित केलेले नाही असे लिहावे लागते. अ‍ॅपमधून पैसे मिळवायचे ठरले तर वेगळा परवाना घ्यावा लागतो.

कोणत्या देशात कोणत्या ओटीटीवर काय आहे ही माहिती टीएमडीबीकडे बर्लिनच्या जस्टवॉचकडून येते, आणि ती वापरल्यास जस्टवॉचचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. देशवार माहिती असल्यामुळे भारत आणि आयर्लंड या दोन्ही ठिकाणांचा प्रश्न सुटतो. पण तिथून थेट त्या ओटीटीवरच्या चित्रपटापर्यंत नेणारा दुवा मिळत नाही, त्यामुळे कार्डावर "आता पाहा" असे बटण देऊ नका. दिलेत तर प्रोटोटाइप एक आणि प्रत्यक्ष अ‍ॅप दुसरेच असे होईल. त्याऐवजी प्रत्येक सदस्याकडे कोणत्या ओटीटींचे सदस्यत्व आहे हे सुरुवातीला एकदाच विचारून घ्या आणि कार्डावर "सहापैकी चौघांकडे आहे" एवढे दाखवा. निवडणाऱ्याला तेवढ्याने पुरेसे कळते.

नावांचा गोंधळ मराठीत विशेष होतो. 'श्यामची आई' शोधली तर आचार्य अत्रे यांचा १९५३ चा आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा असे दोन्ही चित्रपट समोर येतात. म्हणून नावाशेजारी वर्ष आणि खाली दिग्दर्शक हे कधीही वगळू नका, आणि आत नोंद ठेवताना नावाऐवजी टीएमडीबीचा क्रमांक वापरा. शिवाय फोनवर बहुतेक जण रोमन अक्षरांत शोधतात. त्याच नावाचे कोणी एक ए लिहितो, कोणी दोन, कोणी श्याम लिहितो तर कोणी शाम. टीएमडीबीत पर्यायी नावांची सोय आहे, पण मराठी चित्रपटांसाठी ती भरलेली असेलच असे नाही, तेव्हा गटात एकदा वापरलेले लेखन लक्षात ठेवून पुढच्या वेळी त्यावरून शोधता यावे अशी योजना करा.

मांडणीतही देवनागरीकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. ओळीची उंची रोमन अक्षरांना पुरेल इतकीच ठेवली तर "कीर्ती"मधला रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात, "वृत्त"मधला ऋकार खालून जातो, आणि हे फिग्मात दिसले नाही तरी स्वस्त अँड्रॉइड फोनवर दिसते. बटणाचा स्पर्शभाग निदान ४८ डीपी (अँड्रॉइडमधले स्क्रीनवरच्या मापाचे एकक) ठेवा.

उत्तर : सरळसोट

मी मूळ गरजेबद्दलच शंका मांडतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०२२ पासून मतचाचणी घेता येते. सहा मित्रांना नवे अ‍ॅप उतरवायला लावणे, खाते उघडायला लावणे आणि दर आठवड्याला तिथे आणणे हे अतिशय कठीण आहे; उत्साही असतात ते दोघे येतात आणि उरलेले चौघे "नंतर घेतो" म्हणतात. गट अपुरा असेल तर पाळी, हरकत, खोली यांतले काहीच चालत नाही. अँड्रॉइड १३ पासून सूचना पाठवण्यासाठीही परवानगी मागावी लागते, आणि ती नाकारली गेली तर शुक्रवारची आठवणसुद्धा पोचत नाही.

संकल्पना सोडून द्या असे माझे म्हणणे नाही. निवडणाऱ्याकडे अ‍ॅप असावे आणि बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक दुवा जावा, जो साध्या वेबपानावर उघडेल, जिथे कार्ड दिसेल आणि काहीही न उतरवता हरकत किंवा होकार नोंदवता येईल. खोलीत बोलायचे असेल तेव्हाच अ‍ॅप लागावे. परीक्षक हा प्रश्न विचारतीलच, आणि उत्तर तयार नसेल तर बाकीच्या सुंदर स्क्रीन उपयोगाला येणार नाहीत.

उत्तर : रेखाटन

सर्वांचे मनापासून आभार. प्रोफाइल, तारे आणि फीड या तिन्ही गोष्टी मी आराखड्यातून काढल्या आहेत. पिटातला प्रेक्षक यांची पाळीची कल्पना मी गाभा म्हणून घेते, कारण आमच्या गटाला आजवर लाभलेले सर्वोत्तम चित्रपट कोणा एकाच्या हट्टामुळेच पाहिले गेले होते. ज्याची पाळी आहे त्याला ठरवता येत नसेल तर त्याने तीन नावे पुढे करावीत आणि तेव्हाच चौकट यांचे संमतीचे मतदान व्हावे, अशी मी दोहोंची सांगड घालते आहे. पाहण्याचा काळ शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र असा मोकळा ठेवला आहे आणि खोली मात्र कायम उघडी राहील. सरळसोट यांचे दुव्यावरचे पान तर पहिली स्क्रीन म्हणूनच रेखाटते आहे.

कागदावरची कार्डे करून मी मित्रांना दाखवली. "का पाहावा" हा रकाना समोर येताच दोघे अडखळले. लिहिण्याचे दडपण येते असे म्हणाले. तीच गोष्ट फोनवर बोलून सांगायला सांगितली तेव्हा त्यांतला एक जण छायाचित्रणाबद्दल उत्साहाने बोलत राहिला आणि त्याला थांबवावे लागले. त्यामुळे टिपण आवाजातही देता यावे आणि त्याला एका मिनिटाची मर्यादा असावी, असे ठरवले आहे.

एक प्रश्न मात्र उरतो. खोल्यांमध्ये काही वर्षांचे बोलणे साठत जाईल. उद्या कोणी गट सोडला, किंवा दोघांत वितुष्ट आले, तर त्याच्या नोंदींचे काय करावे? त्या काढल्या तर इतरांची उत्तरे अधांतरी राहतात, आणि ठेवल्या तर त्या व्यक्तीवर अन्याय होतो.

उत्तर : चौकट

पाळी आणि मतदान यांची तुम्ही घातलेली सांगड मला पटली. टिपणाशिवाय नाव पुढे येणार नसेल तर मतदानाबद्दलचा माझा आग्रह मी सोडतो.

नोंदींबद्दल : चित्रपटांच्या आवडीनिवडी ही निरुपद्रवी माहिती आहे असे समजू नका. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये १० लाख डॉलरच्या स्पर्धेसाठी प्रेक्षकांनी चित्रपटांना दिलेली गुणांकने त्यांची नावे काढून खुली केली होती, आणि टेक्सास विद्यापीठाचे अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या साइटवरच्या जाहीर नोंदींशी ती ताडून काही माणसे ओळखता येतात हे दाखवून दिले. कोण काय पाहतो यावरून त्याची राजकीय मते आणि खासगी आयुष्य उघड होऊ शकते. त्यावरून खटला झाला आणि २०१० मध्ये दुसरी स्पर्धा रद्द करावी लागली. म्हणून तुमच्या संकल्पनेत खोली गटाबाहेर कधीही दिसू नये. "सार्वजनिक करा" असे बटणच नसावे.

गट सोडणाऱ्याला जाताना दोन पर्याय द्या : माझे बोलणे पूर्ण काढा, किंवा माझ्या नावासह राहू द्या. नाव गाळून ठेवण्याचा मधला मार्ग इतक्या लहान गटात फसवा आहे, कारण कोण बोलले हे सर्वांना कळतेच. काढलेल्या जागी "ही नोंद काढली आहे" एवढी ओळ राहावी आणि इतरांची उत्तरे तशीच राहावीत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिलेलाच आहे, त्यामुळे पहिला पर्याय ऐच्छिक समजू नका. त्याच कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तुमचा गट प्रौढांचा असल्याने वयाची अट सुरुवातीलाच १८ ठेवा. आणि गट सोडणाऱ्याची पाळी त्या आठवड्यात आलेली असेल तर ती आपोआप पुढच्या सदस्याकडे जावी, नाहीतर तो शुक्रवार रिकामा जाईल.